रिपोर्ट नॉर्मल, पोरगी गप्प

माझ्या मेंदूचा पहिला एमआरआय झाला, तेव्हा मी चार दिवसांपासून एक शब्दही बोलले नव्हते. खात नव्हते, पाणी पीत नव्हते. मशीनमध्ये सरकवण्याआधी टेक्निशियनभाऊंनी सवयीनं सांगितलं, "हिलना मत बेटा. जरा भी हिलोगी तो फोटो खराब हो जाएगा." गोंदियात दवाखान्यातलं अर्धं बोलणं हिंदीतच चालतं. अर्ध्या तासानं मला बाहेर काढताना ते बाबांना म्हणाले, "इतना अच्छा पेशंट आज तक नहीं आया. उंगली तक नहीं हिली."

बाबांनी मान डोलावली. त्यांना ती माझी तारीफच वाटली असावी.

मी ऐकत होते. पहिल्या दिवसापासून मी सगळं ऐकत होते. हे आधीच सांगते, कारण तुमच्या घरात कोणी असं गप्प पडलं असेल, तर त्याच्या उशाशी बसून आपण काय बोलतो याकडे लक्ष द्या. माझ्या उशाशी बसून लोक माझ्या लग्नाचं काय होणार इथपर्यंत बोलले.

माझं नाव वैशाली. तिरोड्याजवळच्या एका खेड्यात आमचं घर आहे. तेव्हा मी सतरा वर्षांची होते, बारावी सायन्सला. आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मधल्या काळात जे झालं ते लिहून काढ, असं मला दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं. त्यांना वाटलं, मी दोन पानं लिहीन.

हात वरच राहिला

माय अंगणवाडीत मदतनीस आहे. बाबांचं तिरोड्याच्या रोडवर मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळी धानाच्या दिवसांत शेतातल्या मोटरी धडाधड जळतात, तेव्हा बाबांना जेवायला फुरसत नसते. जळालेली मोटर ते खोलतात, काळी पडलेली कॉइल बाहेर काढतात आणि शेतकऱ्याच्या हातात देतात. "हे पाहा, इथं जळाली." दाखवल्याशिवाय ते कुणालाच काही सांगत नाहीत.

दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत माझं बिघडायला लागलं. आधी झोप गेली. मग पुस्तक उघडलं की एकाच ओळीवर तासभर जायचा. नंतर एक विचार डोक्यात बसला: मी जास्त हलले, तर मायला काहीतरी होईल. हा विचार कुठून आला ते आजही मला सांगता येत नाही. तेव्हा तो खरा होता, एवढंच. मी पाय जपून टाकायला लागले. घास हळू चावायला लागले. माय म्हणायची, "का वो, म्हातारीवानी काऊन चालून राहिली?" मी हसून वेळ मारून न्यायची.

एका दुपारी मी दोरीवरचे कपडे काढायला अंगणात गेले आणि हात दोरीवरच राहिला. तो खाली घ्यायचा नाही असं मी ठरवलं, की तो खाली येईना, हे मला तेव्हाही कळलं नाही. माय अंगणवाडीतून आली तेव्हा मी तशीच उभी होते. तिनं हाक मारली. मग ती हसली, तिला मी मस्करी करते आहे असं वाटलं. मग तिनं माझा हात धरून खाली केला. मी उभीच. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मग एकदम किंचाळली. मी हलले नव्हते, तरी मायला काहीतरी झालंच.

मोठी माय, म्हणजे माझी मोठी काकू, शेजारीच राहते. तिनं दोन तासांत निदान केलं. दरेकसाच्या बाजूला एक माणूस बाहेरची बाधा झाडतो, त्याच्याकडे न्या. बाबा दुकानातून आले ते तसेच उंबऱ्यात उभे राहिले. "आमच्या घरात कोनाचा अंगारा नाही आला आजपावतो," ते म्हणाले. "अन् आताही नाही येनार. पोरगीले दवाखान्यात नेतो. डोक्याचा फोटो काढतो. का बिघडलं ते दिसन. दिसन तं दुरुस्त होईन."

हे मी त्यांच्याबद्दल अभिमानानं लिहिते. पुढे त्यांचं जे चुकलं तेही लिहिणार आहे, पण हे आधी. आमच्या गावात अशा पोरींची दोन-दोन वर्षं मांत्रिकांच्या आणि बुवांच्या दारात गेलेली मी पाहिली आहेत. माझे चार दिवस गेले, आणि त्यातलेही तीन तिरोड्याच्या दवाखान्यात सलाईनवर.

अठ्ठ्याहत्तर

गोंदियाच्या दवाखान्यात माझ्या नाकात नळी घातली आणि लघवीलाही नळी लावली. याची लाज मला बरी झाल्यावर वाटली. तेव्हा फक्त भीती होती. मला अर्धांगवायू झाला, असंच मला वाटत होतं.

वॉर्डात एक सिस्टर होत्या. त्या प्रत्येक काम करण्याआधी मला सांगायच्या. "वैशाली, आता तुझी कूस बदलते." "वैशाली, डोळ्यात थेंब टाकते, गार लागेल." बाकी सगळे माझ्याविषयी बोलायचे. त्या माझ्याशी बोलायच्या. त्या कामावर आल्या की मला धीर यायचा, आणि हे त्यांना कळवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

एमआरआय झाला, रक्त तपासलं, पाठीतून पाणी काढलं. मेंदूच्या डॉक्टरांनी पाहून झाल्यावर मानसोपचाराच्या मॅडम आल्या. ठेंगण्या, आवाज मोठा. त्यांनी माझा हात उचलून हवेत सोडला. तो तिथंच राहिला. त्यांनी बोटानं तो थोडा वर ढकलला. तो तिथंही राहिला. त्या मायला म्हणाल्या, "ताई, एक इंजेक्शन देऊन बघते. थोडा वेळ लागेल. तोवर आपण बोलू. मुलगी अभ्यासात कशी होती?"

माय पदर हातात पिळत सांगायला लागली. पोरगी हुशार, पोरगी कामाची. दहावीला तिला सत्तर टक्के पडले होते.

मी आतून ओरडत होते. सत्तर नाही.

मॅडमनी आणखी काहीबाही विचारलं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. जबड्याजवळ काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. मॅडमनी लिहिता लिहिता पुन्हा विचारलं, "दहावीला किती म्हणालात?"

"सत्तर," माय म्हणाली.

"अठ्ठ्याहत्तर," मी म्हणाले.

आवाज फाटका, घशातून खरवडल्यासारखा. मायनं आधी मॅडमकडे पाहिलं, मग सिस्टरकडे, मग माझ्याकडे. मग ती खाटेवर माझ्या पायांशी डोकं टेकवून रडायला लागली. बाबा दारात होते. ते आत आले आणि त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "तुले ऐकू येत होतं?"

"हो," मी म्हणाले. "पाणी द्या."

फोटो काढलाच काऊन

मॅडमनी दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच माय-बाबांना सांगितलं. मी असताना माझ्याबद्दल बोलायचं, हा त्यांचा नियम होता. या अवस्थेला कॅटाटोनिया म्हणतात. मन इतकं अडकतं की शरीरही अडकतं. त्याच्यामागे बहुतेक मूडचा आजार आहे. तो नेमका कोणता हे ठरायला काही महिने लागतील. इंजेक्शनच्या जागी आता गोळ्या येतील, आणखी एक गोळी वाढेल. त्या मनानं बंद करायच्या नाहीत.

बाबांनी एमआरआयचं पाकीट उघडलं. फिल्म खिडकीकडे धरली. "यात कुठी हाये ते?"

"यात नाही," मॅडम म्हणाल्या. "रिपोर्ट नॉर्मल आहे."

"नॉर्मल?"

"हो. गाठ नाही, सूज नाही, रक्तस्राव नाही."

"मंग आजार कुठी हाये?"

"काका, आजार आहे. तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय. पण तो या फोटोत दिसण्यासारखा नाही. हा आजार आम्ही मुलीकडे बघून ओळखतो, तुमचं ऐकून ओळखतो. काल इंजेक्शननं ती बोलली, त्यावरूनही ओळखला."

"मंग फोटो काढलाच काऊन?"

"कारण गाठ असती किंवा मेंदूला सूज असती, तरीही ती अशीच गप्प पडली असती. मग माझं औषध चुकीचं ठरलं असतं आणि वेळ गेला असता. फोटोनं ते रस्ते बंद केले. त्याचं काम तेवढंच होतं, आणि ते त्यानं केलं."

मला हे पटकन कळलं. परीक्षेत चार पर्यायांतले तीन खोडावे, तसं. बाबांना कळलं नाही. ते फिल्मकडे पाहतच राहिले. आयुष्यभर त्यांनी लोकांना जळालेली कॉइल हातात दिली होती, आणि इथं कुणी त्यांच्या हातात काहीच देत नव्हतं.

दुसरी मशीन

अडीच आठवड्यांनी मी घरी आले. गोळ्यांनी हात कापायचा, तोंड कोरडं पडायचं, दुपारी झोप आवरायची नाही. वजन वाढायला लागलं. अंगणवाडीतल्या बायका मायला विचारायच्या, "पोरगीले का झालं होतं वो?" आणि मायला उत्तर द्यायला शब्द नव्हता. टायफॉइड म्हटलं की विषय संपतो. मेंदूत गाठ म्हटलं तर लोक हळहळतात. आमच्याकडे एक नॉर्मल रिपोर्ट होता.

माझी मैत्रीण दीपाली दोनदा आली, नंतर आली नाही. तिच्या घरून मनाई झाली होती. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी तिच्यावरच चिडले होते.

जानेवारीत बाबांना दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं की नागपूरला एक मोठी मशीन आहे, तिच्यात सगळं दिसतं, पोरांच्या मनाचं बिघडलेलंसुद्धा. माय म्हणाली, "आधी डॉक्टरीनबाईले इचारा तं खरी." बाबा म्हणाले, "त्यायले नाही दिसलं म्हनून तं चाललो."

आम्ही सकाळच्या गाडीनं नागपूरला गेलो. या वेळी मशीनमध्ये मी हलणारी, घाबरणारी, नाक खाजवावंसं वाटणारी मुलगी होते. कानाशी ठाकठूक चालली होती आणि मी मनात बाबांसारखीच प्रार्थना करत होते: काहीतरी दिसू दे. बारीकसं असलं तरी चालेल. ज्याला बोट लावून दाखवता येईल असं.

नॉर्मल.

तिथल्या माणसानं बाबांना चूक काही सांगितलं नाही. त्यानं रिपोर्टमध्ये लिहिलं होतं तेच सांगितलं, मेंदूची रचना व्यवस्थित आहे. बाबांनी ते घेतलं आणि परतीच्या गाडीत त्याचा अर्थ लावला. भंडारा रोड स्टेशन गेल्यावर ते म्हणाले, "दोन मशिनी खोट्या बोलन का? तुह्या डोक्यात काही नाही. ते तवा अभ्यासाचं टेन्शन होतं. आता गोळ्या बस झाल्या."

इथं मला प्रामाणिकपणे सांगायचं आहे. मी नाही म्हटलं नाही. मला आनंद झाला. गोळ्या मलाही नको होत्या. कापणारा हात नको होता, दुपारची झोप नको होती. घरी गेल्यावर गोळ्यांचं पाकीट मीच फडताळाच्या वर फेकलं. पुढे सगळ्यांनी बाबांना दोष दिला, पण त्या गाडीत आम्ही दोघं होतो.

ब्युरेट

तीन आठवडे मी अगदी छान होते. हात कापायचा थांबला. मी पहाटे उठून अभ्यास करत होते. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरगी एकदम फर्स्ट क्लास."

मग झोप पुन्हा कमी झाली, आणि तो विचार परत आला. या वेळी तो मला ओळखीचा होता, तरी मी कुणाला सांगितला नाही. रिपोर्ट नॉर्मल होता ना. दोन दोन रिपोर्ट. मग हे जे होतंय ते माझंच काहीतरी नाटक असणार, असं मला वाटायचं. त्या कागदानं माझं सगळ्यात मोठं नुकसान हे केलं. म्हणजे कागदानं नाही. आम्ही त्याचा जो अर्थ काढला, त्यानं.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला माझ्या वाट्याला टायट्रेशन आलं. डाव्या हातात ब्युरेटच्या काचनळीचा कॉक, म्हणजे तोटी, उजव्या हातात फ्लास्क. थेंब थेंब पडायला लागले. फ्लास्कमधलं पाणी गुलाबी झालं. तिथं कॉक बंद करायचा असतो. मला माहीत होतं. मी बघत होते, गुलाबीचं गडद गुलाबी होत होतं आणि माझा हात बंद करत नव्हता. ब्युरेट पूर्ण रिकामी झाली. शेजारच्या मुलीनं हळूच म्हटलं, "वैशाली, झालं ना." मग सर आले. मग कुणीतरी बाबांना फोन लावला.

बाबा दुकानातून तसेच आले, हाताला वॉर्निशचा वास. सगळ्या वर्गासमोर त्यांनी माझ्या हातातून फ्लास्क काढून घेतला. एक एक बोट सोडवून. मला वाटलं, ते ओरडतील. ते म्हणाले, "चल बाई. गोंदियाले जाऊ."

नऊ दिवस

दुसऱ्या वेळी ते इंजेक्शन पहिल्यासारखं लागू पडलं नाही. मी थोडी सैल व्हायची, पुन्हा घट्ट व्हायची. नीट बोलायला नऊ दिवस लागले. बोर्डाचे पेपर त्यात आणि नंतरच्या अशक्तपणात गेले.

मॅडम बाबांवर रागावल्या नाहीत. मला त्याचं आश्चर्य वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "गोळ्या कधी बंद झाल्या?" बाबांनी तारीख सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली. त्या गेल्यावर माय बाबांना जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. मी डोळे मिटून पडले होते. तिला वाटलं, मला झोप लागली आहे.

त्यानंतर बाबांनी दुकान बंद ठेवलं. ऐन मोटरी जळायच्या दिवसांत. सकाळी ते माझं तोंड पुसायचे, नळीतून पेज कशी द्यायची ते सिस्टरकडून शिकून घेतलं होतं त्यांनी. आणि त्या सिस्टरसारखंच, प्रत्येक गोष्ट करण्याआधी ते मला सांगायला लागले. "वैशू, आता उशी वर करतो." त्यांना ते जमत नव्हतं. कुणी आलं की मध्येच थांबायचे, लाजायचे. पण सांगायचे.

सहाव्या-सातव्या दिवशी मॅडम राऊंडला आल्या, तेव्हा बाबांनी त्यांना थांबवलं. "मॅडम, मी चार दिवसापासून इचार करून राहिलो. आमच्याकडे एखादी मोटर येते. वाइंडिंग चांगली, मीटर लावला तं रीडिंग बरोबर. टेबलवर फिरवली तं फिरते. अन् शेतात नेऊन पान्यात टाकली का पाच मिनिटात ट्रिप होऊन बंद. तवा आम्ही शेतकऱ्याले म्हनत नाही का तू खोटा बोलतं. आम्ही म्हनतो, लोडवर, कामाला लावून पाहावं लागन."

मॅडम हसल्या. "काका, हे मी आता बाकीच्यांना सांगू का?"

"सांगा," बाबा म्हणाले. "फुकट हाये."

मला तेव्हा बोलता येत असतं तर म्हटलं असतं, बाबा, मी मोटर नाही. पण त्यांना कळलं होतं, आणि ते त्यांच्या रस्त्यानं कळलं होतं.

दीपालीचा फोटो

पुढच्या वर्षी मी बारावीची परीक्षा दिली. प्रॅक्टिकलला पुन्हा टायट्रेशन आलं नाही. आलं असतं तरी चाललं असतं. मूडचा आजार कोणता हे आता नक्की झालं आहे: ज्यात मी कधी फार खाली जाते आणि अडकते, तो. गोळ्या बदलल्या, हात आता कापत नाही. वजन थोडं राहिलं आहे. त्याचं मी सायकलवर काय ते बघते.

मागच्या वर्षी मॅडमनी मला विचारलं. नागपूरला काही डॉक्टर तरुण मुलामुलींच्या मेंदूचे फोटो गोळा करत आहेत. आजार असलेल्यांचे आणि नसलेल्यांचेही. पुष्कळ फोटो जमले आणि कॉम्प्युटरनं ते तपासले, तर पुढेमागे निदानाला मदत होईल का, हे त्यांना पाहायचं आहे. "तुला यातून काही मिळणार नाही," मॅडमनी स्पष्ट सांगितलं. "तुझं औषध बदलणार नाही. आणि त्यांना यातून काही सापडेलच, असंही नाही. नाही म्हटलंस तरी मला चालेल."

मी हो म्हटलं. माझ्या वेळी फोटोत जे दिसलं नाही, ते दुसऱ्या कुणाच्या वेळी दिसणार असेल तर बरंच आहे. आणि दिसणार नसेल, तर ते तरी पक्कं कळेल.

माझ्याच वयाची, आजार नसलेली कुणी असेल तर आण, असं त्यांनी सांगितलं होतं. मी दीपालीला विचारलं. आम्ही आता एकाच कॉलेजात आहोत. पहिलं वर्षभर आम्ही एकमेकींशी नीट बोललो नव्हतो. तिनं विचारलं, "दुखते का?"

"नाही. ठाकठूक होते फक्त."

"मंग येतो मी." मग थोडं थांबून, "वैशू, मी तवा आली नाही..."

"माहीत आहे," मी म्हटलं. "घरून सोडत नव्हते."

"सोडत नव्हते. पन मी भांडली बी नाही." हे तिनं सांगितलं ते बरं झालं.

नागपूरला काम झाल्यावर त्यांच्यातल्या एका तरुण डॉक्टरांनी आम्हाला आमचे फोटो दाखवले. पडद्यावर शेजारी शेजारी दोन मेंदू. दीपाली पुढे वाकून बघायला लागली. "सर, यातला बिमारीवाला कोनता?"

"नुसतं बघून मलाही सांगता येणार नाही," ते म्हणाले. "म्हणून तर एवढे गोळा करतोय."

दीपालीनं दोन्ही फोटो नीट पाहिले आणि एकावर बोट ठेवलं. "हा वाकडातिकडा दिसून राहिला. हाच वैशूचा."

डॉक्टरांनी खाली लिहिलेला नंबर पाहिला. "हा तुमचा आहे."

आम्ही इतक्या हसलो की बाहेर बसलेले लोक आत डोकावले. परतीच्या गाडीत ती दर स्टेशनला आपलं डोकं चाचपून बघत होती.

बाकावर

दर दोन महिन्यांनी मी गोंदियाला तपासणीला जाते. एकटी जाऊ शकते, पण बाबा येतात. गेल्या वेळी बाकावर आमच्या शेजारी देवरीकडचे एक गृहस्थ बसले होते. बायको बरोबर, आणि पलीकडे पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, ओढणी कपाळावर ओढून, नजर फरशीवर. गृहस्थांच्या मांडीवर ते मोठं पाकीट होतं. मी दुरूनही ओळखते ते आता.

त्यांनी मला रिपोर्ट दाखवला. "बाई, कालच भेटला. इंग्रजी आहे. वाचून देता का, का लिहिलं हाये?"

मी वाचलं. शेवटची ओळ मला पाठ होती.

"नॉर्मल आहे," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "नॉर्मल! काही नाही ना? आयकलं का वो," ते बायकोला म्हणाले, "काही नाही पोरगीले. उठा. चला, गाडी भेटन आता." ते उठलेच. बायकोनं पिशवी उचलली. मी सांगायला तोंड उघडलं, पण ते माझं ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

बाबांनी त्यांचं मनगट धरलं.

"बसा भाऊ."

"अजी गाडी आहे—"

"दुसरी भेटन. बसा." बाबांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "माह्या पोरगीचा बी रिपोर्ट नॉर्मल आला होता. मी दोन काढले. दोन्ही नॉर्मल. मले वाटलं, काही नाही. मी गोळ्या बंद केल्या. डॉक्टरले इचारलं नाही, तिच्या मायनं सांगतलं तं आयकलं नाही. पोरगी भर वर्गात लाकूड झाली. तिचं साल गेलं. ते माह्यानं झालं, भाऊ. नॉर्मल म्हनजे गाठ नाही एवढंच. आजार नाही असं नाही. डॉक्टरीनबाईले भेटल्याबिगर जाऊ नका."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. तीन वर्षांत हे ते माझ्याशी एकदाही बोलले नव्हते. मी कधी विचारलंही नव्हतं. आता ते एका अनोळखी माणसाचं मनगट धरून बोलत होते, आणि अर्धी ओपीडी ऐकत होती.

गृहस्थ तसेच अर्धे उभे होते. "मंग आता कशी हाये तुमची पोरगी?"

"आता तुमचा रिपोर्ट जिनं वाचला ना, तीच," बाबा म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बायकोनंही पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. मग तिनं पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि ती बसली. थोड्या वेळानं तेही बसले.

"बरी हायेस ना, बाई?" तिनं विचारलं.

"बरी आहे काकू. गोळी चालू आहे."

मग मी बाकाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन त्या मुलीशेजारी बसले. माझं नाव सांगितलं आणि तिला तिचं विचारलं. तिची नजर फरशीवरच होती. मी थांबले. आमचा नंबर यायला अजून पुष्कळ वेळ होता.